दोरा भायेर

नवरदेवाची गाडी आमच्या गावात येते ती वरातीलाच. म्हणून ती आमच्या दारासमोर थांबली तेव्हा शेजारच्या अंबूबाईनं भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर येऊन विचारलं, "कोणाचं लगन व?"

"कोणाचंच नाही, अंबूमावशी. गाडीच बिमार हाय."

"गाडी बिमार हाय तं तुमच्या दारी कायले आणली? तुमच्या घरी एक बिमार हायच ना."

अंबूबाई अशीच. तोंडानं ओरखडे काढते आणि मग संध्याकाळी वाटीभर भाजी आणून देते. मी हसले. माझा नवरा कडूबा ओसरीवर बसला होता, तोही हसला. त्याच्या हातात कप होता, बशीवर किणकिण वाजत होता. त्यानं तो खाली ठेवला.

गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. बाहेरदेशी बनलेली, शर्यतीच्या घोड्यासारखी पळायला केलेली. मोताळ्याच्या इंद्रभाननं ती पुण्याहून जुनी उचलली होती. त्याचा मांडवाचा आणि डीजेचा धंदा. छप्पर मागे सारून, झेंडूच्या माळा घालून तो ती नवरदेवांना भाड्यानं द्यायचा. जी गाडी वाऱ्याशी बोलायची ती आमच्या चार तालुक्यांत नाचणाऱ्यांच्या मागं मागं, पायी चालणाऱ्याच्या चालीनं चालायची. आता सकाळी थंड असताना चालू केली की डब्यात खडे घालून हलवल्यासारखी वाजत होती. नांदुऱ्याच्या अब्दुल गनीचाचांनी बॉनेटवर कान ठेवला आणि सांगितलं, "चेनचे टेन्शनर गेले. दोन्ही बाजूचे."

गनीचाचा म्हणजे कडूबाचे उस्ताद. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्यांच्या हाताखाली शिकला. पुढं चिखलीच्या एका मोठ्या गॅरेजात लागला, आणि लोक गाडी आणताना "कडूबा हाय का?" असं विचारूनच आत यायचे.

मग ते साल आलं, गुलाबी अळीचं. बीटी कपाशीच्या बोंडाला अळी शिवत नाही म्हणून सगळ्यांनी पेरलेली, आणि बोंड फोडलं की आत अळी. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, वारा पडलेला. सासऱ्यांना फवारायला माणूस मिळेना. कडूबा सुट्टी काढून आला आणि विषारी औषधाचा पंप पाठीवर घेऊन आत शिरला. दुपारून शेताच्या कडेला, धुऱ्यावर सापडला, तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तेव्हा माझं पोट सातव्या महिन्याचं होतं.

तो दवाखान्यातून परत आला. ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही, त्यांच्याकडं पाहून आम्ही देवाचे आभार मानले, आणि मनापासून मानले. पण त्याचे हात थरथरत राहिले. बारीक काही धरायला गेलं की जास्त. आणि एखादी गोष्ट केली का नाही, हे त्याच्या ध्यानात राहीना. जेवून उठायचा आणि म्हणायचा, "वाढ ना." चिखलीला पुन्हा गेला तर एका गाडीचा ब्रेकचा नट हातानं लावून तसाच सोडला, आवळलाच नाही. मालकाच्या वेळेवर लक्षात आलं. मालक चांगला माणूस, ओरडला नाही. म्हणाला, "घरी आराम कर." ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कडूबा नंतर कितीदा म्हणाला.

छकुली झाली तेव्हा त्यानं तिला उभ्यानं कधी घेतलं नाही. आधी भिंतीला टेकून बसायचा, मांडी घालायचा, मग म्हणायचा, "आता दे."

तर गनीचाचांनी गाडी मुद्दाम आमच्याकडं पाठवली होती. जीपमधून सोबत आले, नवे टेन्शनर पिशवीतून काढून ओसरीवर ठेवले आणि कडूबासमोर उकिडवे बसले.

"घरी कर. घाई नाही, कोणी डोक्यावर उभं नाही. झालं तं माझ्या गॅरेजात तुझी जागा हाय. मी आता बुढा झालो, मले माणूस पाहिजेच."

"आन् नाही झालं तं, चाचा?"

"तं मले सांगावं लागणार नाही. तुलेच समजेल, बेटा."

इंद्रभान दारात किल्ली फिरवत उभा होता. "चाचा, मी तुमच्या भरोशावर ठेवून राह्यलो. याच्या नाही. नांदुऱ्याचं लगन घेतलेलं हाय मी."

"माझ्या भरोशावरच ठेव," चाचा म्हणाले.

त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही, आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग केलं. घरात झोपायला जागाही एक पट्टीच होती. बाकी सगळ्या खोल्यांत कापूस, आढ्यापर्यंत. अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, बोंडातून नीट न सुटलेला. आमच्याकडं त्याला कवडी म्हणतात. व्यापारी येत, मूठभर उचलून चिमटीत ताणून पाहत, आणि न बोलता पुढच्या घरी जात. छकुलीच्या अंगावर त्यानं पुरळ उठली होती. मी तिला माझ्या पोटावर झोपवायचे.

सकाळी त्यानं बॉनेट उघडलं. मी पदर खोचला.

"तू कायले?"

"पाने कोण देईल मंग?"

त्यानं सरकून जागा केली.

इंजिन दोन पंखांचं होतं, डावा आणि उजवा. दोन्हींवर एकेक झाकण. डावीकडचं झाकण उचललं तर आत तेलानं मढवलेल्या चेनी, दाताच्या चकत्या, सगळं मधासारखं चमकत होतं. कडूबा बराच वेळ नुसता पाहत राहिला. आजारातून उठलेल्या माणसाला कोणी त्याच्या गावची खबर सांगावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"हे पाय," तो म्हणाला. चेनीखाली मुठीत मावेल एवढा एक प्लास्टिकचा ठोकळा होता. "हा चेनीले दाबून धरते. चिरला हाय, दिसते का? याच्यानं चेन ढिली झाली, म्हणून वाजते. एखाद्या दिवशी एक दात जरी सरकली ना, तं वाल्व पिस्टनवर आपटन. मंग हे इंजन भंगारात."

टेन्शनर म्हणतात त्याला हे अंबूबाईला कळलं तेव्हा ती कुंपणावरून म्हणाली, "टेन्शन बदलून देता का? मंग माह्यावालंही काढा बाप्पा एखादं."

कामाची वाटणी आम्ही बोलून केली नाही, आपोआप झाली. जोर लावायचा असला की त्याचे हात थांबत. पाना धरून आवळायला, सोडवायला तो. आणि बारीक नट चिमटीत धरायचे, चेन चकतीला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायची म्हणजे ती जागची हलू नये, ते मी. तो सांगायचा, मी करायचे. "हळू. डावीकडं. आता बोटानं फिरव, पान्यानं नाही. बोटाले समजते आटे बसले का नाही ते."

पण त्याआधी एक काम होतं. झाकणाच्या पुढच्या टोकाला चेन जिथून खाली इंजिनाच्या पोटात उतरते, तिथं एक भोक असतं. हातातून नट निसटला तर त्यातून थेट खाली. म्हणून ते भोक बुजवायचं. गनीचाचांच्या गॅरेजात त्याची एक रीत होती. चिंधीचा बोळा करायचा, त्याला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं. झाकण लावायच्या आधी हाताखालचा माणूस मोठ्यानं विचारणार, "दोरा?" आणि मिस्त्री मोठ्यानं सांगणार, "भायेर." हे बोलल्याशिवाय झाकण लावायचं नाही. चाचांच्या हाताखाली शिकलेले सगळे हे करतात, मुंबईला गेले तेही.

"चिंधी आण एखादी," कडूबा म्हणाला.

मी घरात गेले आणि तशीच परत आले. माझी जुनी लुगडी, त्याचे जुने सदरे, सासऱ्यांचं धोतर, सगळ्याचे छकुलीचे लंगोट आणि दुपटी झाली होती. दोरीवर वाळत होती ती तिला संध्याकाळपर्यंत पुरणार नव्हती.

"पोरीच्या खालचं काढून गाडीले घालू का?"

तो हसला. मोकळं हसला. "कापूस हाय ना घरभर! इकत नाही कोणी, निदान बोळे तं होतीन."

मी दोन मुठी कापूस आणला. त्यानं तो पिळून पिळून बोळे वळले, मी गोधडी शिवायचा लाल दोरा दुहेरी करून बांधला. बांधताना दोनदा गाठ मारली.

डावी बाजू चांगली झाली. एक नट माझ्या बोटांतून सुटलाच. तो कापसावर अलगद जाऊन बसला, गादीवर लोळावं तसा. "म्हणून तं बोळा," कडूबा म्हणाला आणि मला चिमट्यानं उचलायला लावला. नवा ठोकळा बसला. चेन ताणली. त्यानं बोळा ओढून काढला, भोकात बोट घालून फिरवलं.

"दोरा?" मी मोठ्यानं विचारलं. मला हसू येत होतं.

"भायेर!"

उजवी बाजू दुपारी उघडली. तीही नीट चालली होती. ठोकळा बसला, पट्ट्या कापल्या. तेवढ्यात छकुली उठली. अंबूबाईनं तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, पाखरं दाखवली, पण तिला भूक लागली होती. ओरडून ओरडून निळी पडायला लागली.

"जाय, घे तिले," कडूबा म्हणाला. "आता काही नाही. बोळा काढायचा न् झाकण लावायचं."

मी आत कापसाच्या ढिगाला टेकून तिला पाजायला बसले. बाहेर पान्यांचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता. किती दिवसांनी तो आवाज असा येत होता. मी आतूनच ओरडले, "दोरा?"

"भायेर!"

स्पष्ट, ठाम. चिखलीत असताना फोनवर त्याचा आवाज यायचा, अगदी तसा. छकुली दूध सोडून आवाजाच्या दिशेनं बघायला लागली.

ऊन कलल्यावर इंद्रभान आला. तेल भरून झालं होतं. त्यानं किल्ली फिरवली आणि तोंड वाकडं करून, आवाजाची वाट पाहत बसला. आवाज आला नाही. म्हणजे आला, पण मऊ, ऊन पाण्यासारखा.

"चालू झाली का नाही?" अंबूबाईनं विचारलं.

"चालू हाय, मावशे," कडूबा म्हणाला. "तुले ऐकू नाही येत तेच खरं काम."

इंद्रभान खाली उतरून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "लेका! मी तं म्हणलं, चाचा म्हातारचळ लागल्यागत करून राह्यले. चाल, निघतो, नवरदेव बोंबलत असन." आणि गाडी धूळ उडवत नांदुऱ्याकडं गेली.

कडूबानं हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. माझ्याकडं आला आणि उभ्या-उभ्याच हात पुढं केले. "दे तिले."

मी दिली. तो तिला छातीशी धरून फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि रस्ता दाखवत सांगू लागला, "तथी नांदुरा हाय. तुया बाप उद्यापासून तथी जाईन. तुले रेल्वे दाखवीन." त्याचे हात थरथरत होते का? मी बारकाईनं पाहिलं. नव्हते. किंवा तिच्या वजनानं दबले होते.

मी अंगण झाडायला घेतलं. जुने चिरलेले ठोकळे, कापलेल्या पट्ट्या, काळा झालेला एक बोळा, त्याचा लाल दोरा. तो मी सुपलीत टाकला. पुढं कुंपणाजवळ दुसरा दोरा पडला होता.

नुसता दोरा.

उचलून पाहिला. गाठ माझीच होती, दुहेरी, घट्ट. गाठीच्या फासात कापसाचे चार तंतू अडकले होते. बाकी काही नव्हतं. मी डब्यात पाहिलं, बादलीत, कोंबड्यांच्या खुराड्याशी, तेलाच्या डब्यामागं. दुसरा बोळा कुठंच नव्हता.

दोरा बाहेर आला होता. तो खोटं बोलला नव्हता.

फाटकाशी तो अजून बोलत होता. छकुलीनं त्याचं नाक धरलं होतं. पाठमोरा, सरळ उभा. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्याला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आणखी थोडा वेळ जाऊ द्यावा, त्यानं तिला रेल्वेची सगळी गोष्ट सांगून होईपर्यंत. पण तो कापूस आता खाली इंजिनाच्या पोटात उतरत होता, चेन त्याला पिंजत होती, आणि गाडी पुढं पुढं चालली होती. मी त्याच्याजवळ गेले. आधी छकुलीला त्याच्या हातातून घेतलं. मग मूठ उघडली.

त्यानं दोरा पाहिला. समजायला वेळ लागला नाही.

"बोळा?"

"नाही सापडला."

त्यानं खिशातून फोन काढला. बोटं आकड्यांवरून घसरायला लागली. मी फोन घेतला, लावला आणि त्याच्या कानाला धरला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा इंद्रभाननं उचलला, मागं वाजंत्री होती.

"बोल ना बे, वरात निघून राह्यली!"

"गाडी बंद कर, इंद्रभानभाऊ."

"काय?"

"बंद कर. जथी हाय तथीच. चालवू नोको, लोटत नेऊन बाजूले लाव. माह्या हातून आत कापूस राह्यला."

मग इंद्रभानचा आवाज, हळू, "कापूस? गाडीत कापूस, कडूबा?"

आम्ही पान्यांची पिशवी घेऊन मोटारसायकलवर गेलो, छकुलीला मी पदरात बांधून घेतलं होतं. तोपर्यंत गनीचाचा पोहोचले होते. गाडी नांदुऱ्यातल्या वळणावर झेंडूच्या माळांसकट उभी होती. नवरदेव कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पुढं गेला होता.

"एका हातानं फेटा धरून गेला बिचारा," इंद्रभान म्हणाला. "त्याचा बाप मले काय काय बोलला, सांगू? सांगत नाही. बायामाणूस हाय इथी."

"दिवा लागला होता का तेलाचा?" चाचांनी विचारलं.

"लागला न् विझला. मी म्हणलं, लागत असन नवीन कामानं."

चाचा गाडीखाली झोपले. या वयात. खालचं तेलाचं तबक उतरवलं आणि तेल ओढणारी जाळी बाहेर काढली. तिच्यावर कापूस बसला होता, काळा, चपटा, नमद्यासारखा. जाळीचा अर्धा डोळा अजून उघडा होता.

"वाचलं इंजन," चाचा म्हणाले. "आणखी थोडी चालली असती तं नसतं वाचलं."

कडूबा रस्त्याच्या कडेला उभा होता. कोणाकडं पाहत नव्हता. मी चाचांना दोरा दाखवला. त्यांनी गाठ पाहिली, मग जाळीवरचा कापूस चिमटीत धरून ताणला. तो लगेच तुटला. ओढ लागायच्या आधीच.

"कवडी हाय ना हे," ते म्हणाले. "याले तंतूच नाही. दोरा ओढला, दोरा आला, कापूस मधून तुटला. चिंधी असती तं आली असती. कडूबा, इकडं पाय. हाताची चूक नाही, बेटा. कापसाची हाय."

मी कडूबाकडं पाहिलं. हे वाक्य त्यानं धरावं, एवढंच मला वाटत होतं.

"दोरा काढल्यावर बोट घालून पाह्यचं असते, चाचा," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलं."

"हाव. मंग पाह्यलं नाही का?"

मागं वरातीचे बँड वाजत होते, लांब जात होते.

"तेच म्हणून राह्यलो. पाह्यलं का नाही, ते मले याद नाही. डाव्या बाजूचं याद हाय. उजव्या बाजूचं..." त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, जणू त्याला विचारत होता. "पाह्यलं असं वाटते. पण सापडलं असतं ना मंग."

चाचांनी तबक पुसलं, जागेवर लावलं, एकेक बोल्ट स्वतः आवळला. कडूबा पाना द्यायला पुढं झाला तेव्हा त्यांनी तो घेतला, पण दुसरा मागितला नाही. काम संपल्यावर त्यांनी पाने फडक्यानं पुसून पिशवीत भरले. पिशवी कडूबाचीच, शिकाऊ असताना चाचांनीच दिलेली. ती हातात घेऊन ते जरा वेळ उभे राहिले. कडूबानं हात पुढं केला नाही. मग चाचांनी ती आपल्या जीपमध्ये मागच्या सीटवर ठेवली, हळूच, आवाज होऊ न देता.

"तुयी गाडी माह्यापाशीच राहीन," ते इंद्रभानला म्हणाले. कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून मला म्हणाले, "पोरीले भूक लागली असन, बेटी. घरी जा."

घरातला कापूस पुढं कोणीतरी मातीमोल भावानं उचलला. घर रिकामं झालं आणि पुरळही गेली. अंगणात तेलाचा एक डाग उरला, शेणानं सारवला तरी वर येतो. गावात कोणाचीही गाडी गेली की कडूबा ओसरीवरून कान देतो. कोणाचं बेअरिंग गेलं, कोणाचा सायलेन्सर फुटला, त्याचं बरोबर निघतं. लोक विचारतात, तो सांगतो, आणि मग ते गाडी घेऊन नांदुऱ्याला जातात.

वैशाखात आमच्याच गल्लीतून वरात निघाली. लाल गाडी, झेंडूच्या माळा, पुढं पोरं नाचतायत. छकुली बाजाच्या आवाजानं हात हलवायला लागली. कडूबा भिंतीला टेकून बसला, मांडी घातली, म्हणाला, "आता दे."

मी तिला त्याच्या मांडीवर दिली. गाडी दारावरून अगदी हळू गेली. डीजेच्या कल्लोळात त्याला काय ऐकू आलं असेल कोण जाणे, पण त्यानं डोळे मिटले होते.

"वाजत नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वाजत नाही."